छापील नाव

पहाटेच्या अंधारात सुमनताई दिसण्याआधी ऐकू यायची. पार्कच्या गेटापासून आत जाणाऱ्या रस्त्यावर सागाची वाळकी पानं पडलेली असत आणि त्यांच्यावरून येणारी तिची पावलं एकसारखी वाजत नसत. डावं हलकं पडे, उजवं किंचित जड. चौतीस वर्षं वॉर्डात उभं राहून उजव्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली होती, आणि ती कुरकुर ऐकूच आली नाही असं दाखवून ती धावत असे. मग खांबावरच्या दिव्याच्या पिवळ्या वर्तुळात आधी पांढरे बूट यायचे, मग सलवारीवर चढवलेला मुलाचा जुना ढगळ टी-शर्ट, आणि सगळ्यांत शेवटी तो शांत, रुंद चेहरा, ज्यावर इतक्या पहाटेही झोपेची एक रेघ नसायची. मी मात्र जांभया देत, स्वतःला आणि धावण्याचा शोध लावणाऱ्याला शिव्या घालत तिची वाट बघत उभी असे.

मुंबईची थंडी ती काय! डांबरगोळ्यांच्या वासासकट स्वेटर कपाटातून निघतो, दोन दिवस उन्हात पडतो, आणि घालायची वेळ येते तोवर थंडी परतलेली असते. पण बोरिवलीच्या पूर्वेला, जिथे इमारती संपून एकदम जंगल सुरू होतं, तिथे डिसेंबरच्या पहाटे खरोखर गारवा उतरतो. दहिसर नदीच्या पातळ प्रवाहावर धुकं बसलेलं असतं, बांबूच्या बेटांतून दवाचे थेंब टपटपतात, आणि कुठूनतरी चितळाची हाक येते, तीही नुकती झोपेतून उठल्यासारखी. हा गारवा सुमनताईचा ऋतू होता. वर्षातले उरलेले महिने ती नुसती चालायची. दिवाळीचे कंदील उतरले की म्हणायची, चला, आता आपले दिवस आले.

ती महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. नर्सने वॉर्डात धावायचं नसतं, हे तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं होतं. सिस्टर धावताना दिसली की खाटेवरच्या प्रत्येक रोग्याला वाटतं, आपलंच काहीतरी बिनसलं. आग लागली किंवा रक्तस्राव थांबेना, तरच धावायचं. म्हणून चौतीस वर्षं ती भरभर चालली. प्राण कंठाशी आलेल्या माणसाच्या दिशेनेसुद्धा चाललीच. निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती पार्कमध्ये फिरायला आली, समोर उताराचा मोकळा रस्ता दिसला, आसपास एकही खाट नव्हती, आणि तिचे पाय आपोआप सुटले. हे तिनेच मला सांगितलं होतं, थोडं लाजत, चोरी कबूल केल्यासारखं. रात्रपाळ्यांच्या त्या सगळ्या वर्षांत पहाट हा तिच्या दिवसाचा शेवट होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या दिवसाची पहाटेपासून सुरुवात होऊ लागली.

माझी आणि तिची ओळख त्याच रस्त्यावरची. मी तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, एका कॉलेजच्या कचेरीत प्रवेशअर्ज तपासणारी, डॉक्टरांनी वजनावरून दटावलं म्हणून धावायला आलेली. पहिल्या दिवशी मी तिला 'अहो ताई' म्हटलं, तर ती म्हणाली, अहो-जाहो घरी ठेवून येत जा, धावताना ओझं होतं. चढावर बोलायचं नाही, उतारावर बोलायचं, हा तिचा नियम. लेण्यांकडे जाणारा चढ लागला की ती हात कमरेजवळ आणायची, नजर दहा पावलांपुढे ठेवायची, आणि तिच्या श्वासाचा एक संथ, खोल ठेका सुरू व्हायचा. त्या ठेक्याचं बोट धरून मी वर जायचे. माथ्यावर पोचल्यावर ती स्वतःची नाडी नंतर बघायची, आधी माझी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची सवय तिची सुटली नव्हती. दोन गार बोटं माझ्या मनगटावर, नजर तबकडीवर, ओठ मोजणीत किंचित हलणारे. माझ्या स्वतःच्या आईनेही मला इतक्या लक्षपूर्वक कधी धरलं नव्हतं.

रविवारी लांबचा पल्ला असायचा. पहिल्या लाँचने खाडी ओलांडून आम्ही गोराईला उतरायचो आणि गावागावांतून उत्तनच्या दिशेने धावत सुटायचो. नाताळाच्या आधीचे ते रविवार: घराघरांवर कागदी तारे अजून पेटलेले, वाटेवरच्या क्रुसांना झेंडूच्या माळा, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, आणि त्या उग्र वासातून मध्येच येणारा मेणबत्त्यांचा मंद वास. दारात बसलेली एक म्हातारी दर वेळी विचारायची, पोरींनो, कोण लागलंय मागे? सुमनताई न थांबता उत्तर द्यायची, म्हातारपण लागलंय मावशी, पण अजून लांब आहे. आणि मग ती हसायची. धावताना हसू नये, दम जातो, हे मला शिकवणारी बाई स्वतः मात्र पुढचा अर्धा फर्लांग हसत राहायची.

अशाच एका रविवारी, परतीच्या लाँचमध्ये, कोवळं ऊन खाडीच्या गढूळ पाण्यावर पसरत असताना, तिने मला तिची इच्छा सांगितली. तिला जानेवारीतली मोठी मॅरेथॉन धावायची होती, अर्धी, एकवीस किलोमीटरची. अंतराचं तिला काही वाटत नव्हतं. ते आम्ही गोराईला धावतच होतो. तिला हवा होता तो छातीवर सेफ्टी पिनांनी लावायचा कागद, ज्याला धावणारे बिब म्हणतात. उपनगरातल्या छोट्या शर्यतींत त्यावर नुसता नंबर असतो. मोठ्या शर्यतीत नंबराखाली ठळक अक्षरांत नाव छापतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली अनोळखी माणसं ते वाचून नावाने हाका मारतात.

"आईने ठेवलेलं नाव आहे गं," ती म्हणाली. "एकदा छापून आलेलं बघायचंय. कुणीतरी मोठ्याने सुमन म्हणून हाक मारलेली ऐकायचीय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे नाव तिच्याकडे नुसतं पडून होतं. चौतीस वर्षं ती सिस्टर होती. मुलाची आई होती. तांबेभाऊ, म्हणजे तिचे यजमान, तिला 'अगं' म्हणत. आणि मीसुद्धा तिला ताईच म्हणत होते. सुमन म्हणून हाक मारणारी माणसं एकेक करून गेली होती. त्या वर्षीच्या शर्यतीची मुदत टळून गेली होती, म्हणून पुढच्या हिवाळ्याचा बेत ठरला. अर्ज ऑनलाइन असतो आणि तिला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. अर्ज मी भरायचा, असं त्या लाँचमध्येच ठरलं.

ऑगस्टमध्ये तिने मला एक प्लॅस्टिकची फाइल आणून दिली. ओळखपत्राची प्रत, फोटो, आधीच्या एका शर्यतीच्या वेळेचा कागद, आणि एका कोऱ्या कागदावर तिच्या त्या औषधांच्या तक्त्यासारख्या स्वच्छ अक्षरात नाव, जन्मतारीख, रक्तगट. मी माझा अर्ज त्याच संध्याकाळी भरला. तिचे कागद मोबाइलवर नीट चढेनात, म्हणून म्हटलं, उद्या कचेरीतून करू. कचेरीत प्रवेशांची घाई होती. फाइल खणात गेली, तिच्यावर दुसऱ्या फायली आल्या, आणि उद्याचा परवा झाला. ज्या खिडकीत बसून मी दिवसभर पोरांना सुनावते की शेवटची तारीख गेली की गेली, रडून उपयोग नाही, त्याच खिडकीमागच्या खणात तिचं नाव पडून राहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला आठवण झाली तेव्हा सगळ्या जागा भरून गेल्या होत्या.

माझ्या आयुष्यात मी केलेल्या चुका थोड्या नाहीत, आणि विसरणं ही त्यातली सगळ्यांत साधी चूक. तिने मला दोन शब्द सुनावले असते आणि पुढच्या चढावर विसरली असती. पण मला लाज वाटली. मी तिला सांगितलं की नंबर लागला नाही. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. तिचे हात थांबले, आणि मान वर न करता तिने विचारलं, "वयामुळे का गं?"

मी म्हणाले, "असेल."

या एका शब्दाचं मी पुढे किती वेळा काय काय केलं असेल! गिळला, परत घेतला, वेगळ्या तऱ्हेने उच्चारला, त्याच्या जागी 'नाही गं' ठेवून पाहिलं. पण तो शब्द बोलला गेला होता, आणि सुमनताईने तो डॉक्टरांचं निदान ऐकावं तसा मुकाट्याने ऐकून घेतला. त्या सकाळी चढावर ती नेहमीसारखीच गप्प होती. उतारावरही गप्प राहिली तेव्हा मला भीती वाटली. नंतरच्या रविवारी गोराईच्या म्हातारीने नेहमीचा प्रश्न विचारला. सुमनताईने तिला नुसता हात केला.

डिसेंबर सरत आला तसं ते मला सोसवेना. शर्यतीला दहा दिवस उरले असताना मी दुसरं खोटं बोलले. घोटा मुरगळलाय, म्हटलं, तू माझ्या बिबवर धाव. दुसऱ्याच्या बिबवर धावणं नियमात बसत नाही, पण आमच्यात सर्रास चालतं. कुणाचा पाय दुखावतो, कुणाच्या घरी लग्न निघतं, आणि तो कागद हातोहात फिरतो. ती लगेच हो म्हणाली नाही. आधी मला कट्ट्यावर बसवून तिने माझा बूट काढला, घोट्यावरून तीच दोन गार बोटं फिरवली, दाबून पाहिलं. सूज तर नाही, म्हणाली. मग पिशवीतून क्रेप बँडेज काढून तिने त्या धडधाकट घोट्याला इतकं सुबक बांधलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय का, असं तिने विचारलं. मी हो म्हणाले. तिला तेव्हाच सगळं कळलं असेल का, हे मला आजही सांगता येत नाही.

शर्यतीच्या दिवशी मी बँडेज बांधून, लंगडल्याचं सोंग करत शेवटच्या रेषेपाशी उभी होते. दक्षिण मुंबईच्या रुंद रस्त्यावर ऊन चढलं होतं, ढोलताशे वाजत होते, आणि त्या हजारो घामेजलेल्या चेहऱ्यांत मला तो रुंद, शांत चेहरा दिसला. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. हात कमरेजवळ, नजर दहा पावलांपुढे, आणि उजव्या पावलाचा तो जडपणा कुठल्या कुठे गेलेला. दोन तास चौतीस मिनिटं. ही वेळ मला सात जन्मांत जमली नसती. तिच्या छातीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, वंदना.

ती आली ती मला मिठी मारायलाच. दम लागलेला असतानाही हसत होती, आणि हसत हसत सांगत होती, "एकवीस किलोमीटर लोक तुझं नाव घेत होते गं. मी प्रत्येकाला हात केला. म्हटलं, वंदनाला कुणी शिष्ट म्हणायला नको."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्या आनंदावर विरजण कशाला, असं मी मनाला समजावलं. भित्र्या माणसाला असल्या सबबी वेळेवर सुचतात. संध्याकाळी निकाल लागले तेव्हा मी तिच्या वयाच्या बायकांची यादी काढून पाहिली. तिची वेळ त्या यादीत असती, तर तिच्या वर फक्त पाच नावं उरली असती. माझ्या वयाच्या यादीत ती वेळ कुठेतरी मधोमध, माझ्या नावापुढे, गर्दीत हरवून गेली होती. मी ठरवलं की पुढच्या वर्षी तिचा अर्ज पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला भरायचा, आणि मग सगळं सांगून टाकायचं. पुढचं वर्ष येईलच, हे मी धरूनच चालले होते.

जूनमध्ये तिच्या पोटात दुखू लागलं. तिने ते नर्सच्या शहाणपणाने आधी अंगावर काढलं, आणि तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर तिच्याशी न बोलता तांबेभाऊंशी बोलू लागले. त्यावरून तिने काय ते ओळखलं. ऑगस्टमध्ये मी तिच्या खाटेशी बसून, मोबाइल तिच्यासमोर धरून, अर्ज भरला. बिबवर काय छापायचं या रकान्यात मी सुमन लिहिलं, आणि ती तीन अक्षरं ती बराच वेळ बघत राहिली. तिचं मनगट आता इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. तिने विचारलं, यंदा तरी घेतील का मला? मी म्हटलं, घेतील. खरं काय ते अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण खोलीत तांबेभाऊ होते, सलाइन संपत आलं होतं, आणि मी पुन्हा एकदा उद्यावर ढकललं. अर्ज मंजूर झाल्याचा मेल मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती खूश झाली, आणि लगेच व्यवहाराचं बोलली. रांगेत उभं राहायला मला जमणार नाही, बिब तू आण, म्हणत तिने अधिकारपत्रावर सही करून ठेवली. सही मात्र अजून तशीच होती, स्वच्छ, एकही अक्षर न हललेली.

दिवाळीचे कंदील उतरले आणि चार दिवसांनी ती गेली. पार्कमध्ये त्या पहाटे गारवा आला होता.

बिब आणायला जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण तांबेभाऊ सही केलेलं पत्र आणि तिचं ओळखपत्र घेऊन दारात उभे राहिले. तिचं नाव छापलंय ना, म्हणाले, मग ते तिथे कशाला ठेवायचं. आम्ही दोघं वांद्र्याच्या मैदानात, उत्साहाने गजबजलेल्या मांडवात, रांगेत उभे राहिलो. खिडकीतल्या मुलीने पत्र पाहिलं, पाकीट दिलं, आणि मॅडमना ऑल द बेस्ट सांगा, असं हसून म्हणाली. सांगतो, असं तांबेभाऊ म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद पाकिटातून काढला आणि त्या छापील अक्षरांकडे बघत, लग्नाला सदतीस वर्षं झालेला तो माणूस हळूच म्हणाला, "सुमन." मी तोंड फिरवून उभी राहिले.

शर्यत मी धावले. न धावता घरी बसणं अधिक कठीण होतं. वाटेत लोक माझं नाव वाचून हाका मारत होते, वंदना, चल, वंदना, थोडंच राहिलं, आणि मला एकदाही हात वर करता आला नाही. दुपारी तांबेभाऊंकडे गेले तर ते निकालाची यादी उघडून बसले होते. त्यांना तिचं नाव बघायचं होतं. मी नको म्हणेपर्यंत त्यांना ते सापडलंही: सुमन तांबे, आणि पुढे वेळेच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं, डीएनएस. त्यांनी अर्थ विचारला. सांगावं लागलं की नाव नोंदवूनही जो धावायला उभाच राहत नाही, त्याच्यापुढे असं लिहितात. त्यांनी ते पुन्हा वाचलं. मोठ्या शर्यतीच्या यादीत पहिल्यांदा तिचं नाव आलं होतं, आणि यादी म्हणत होती की ही बाई धावलीच नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खणातली फाइल, असेल, घोट्याचं बँडेज, दोन तास चौतीस मिनिटं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी ते उठले नाहीत. नंतर म्हणाले, "हे तिला सांगायला हवं होतंस. शेवटचं वर्षभर ती स्वतःला म्हातारी म्हणत राहिली."

त्या आठवड्यात मी संयोजकांना सविस्तर कबुली लिहून पाठवली आणि ती वेळ तिच्या नावावर करा, अशी विनंती केली. उत्तर सभ्य होतं. दुसऱ्याच्या बिबवर धावलेली शर्यत कुणाच्याच नावावर धरता येत नाही, म्हणून त्यांनी ती नोंद रद्द केली. नियमाने ते बरोबरच आहे, मीही खिडकीत बसून हेच केलं असतं. म्हणजे आता माझ्या नावापुढे ती वेळ नाही, आणि तिच्या नावापुढे ती कधीच नव्हती. एका जानेवारीच्या उन्हात बासष्ट वर्षांची एक बाई हसत हसत एकवीस किलोमीटर धावली, हे, संयोजकांकडचं माझं ते पत्र सोडलं तर, आता जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यांतले एक हल्ली गोष्टी विसरू लागले आहेत. मी आहे तोवर सुमन धावलेली आहे. माझ्यामागे ती यादीच खरी ठरेल.